भांगाच्या दिवशी गैरहजर

घाटकोपर (पूर्व)
१८ जुलै १९७३

प्रिय रत्ना,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? सिस्टर बर्नाडेटनी तुझ्यामाझ्या बोटांवर एकच पट्टी मारून हे वळण लावलं. त्यामुळे आपली अक्षरं बहिणींसारखी दिसतात. माझी लेक लता अजून कधीकधी फसते.

सात वर्षांनी लिहिते आहे. हे गेले तेव्हा तू येऊन गेलीस, पण त्या गर्दीत बोलणं कुठलं? आता लता तुझ्याच कॉलेजात नोकरीला लागली म्हटल्यावर तुझी खबर घरबसल्या मिळते. काल ती आली तीच सांगत की रत्नामावशीचा थिसिस सादर झाला, बारा ऑक्टोबरला व्हायवा आहे, आणि पीएच.डी. हाती पडली की प्राचार्यांची खुर्ची तुझीच. मी देवापुढे साखर ठेवली. एकावन्नाव्या वर्षी पदवी घ्यायची म्हणजे थट्टा नाही गं.

मग लताने विषय सांगितला. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली मुलं शाळेत का येत नाहीत. रत्ना, मी आधी दचकले आणि मग स्वतःवरच रागावले. कोळीवाडा काही माझ्या मालकीचा नाही. मी तिथे चार महिने वाळू तुडवली म्हणून दुसऱ्या कुणी तुडवू नये असं थोडंच आहे?

पण जुनं सगळं वर आलं. वर्गाच्या दारात उभं राहून दिवसातून दोनदा मुलं मोजायची, एकदा अकराला आणि एकदा मधल्या सुट्टीनंतर. पदराला सुक्या बोंबलाचा वास. सासूबाई घरात घेण्याआधी अंगणातच अंगावर पाणी घालायच्या. माझ्या अर्धवट राहिलेल्या पीएच.डी.च्या त्या अकरा वह्या मी पत्र्याच्या ट्रंकेत भरून तुझ्या हवाली केल्या होत्या, त्रेसष्टच्या जूनमध्ये, यांचं उजवं अंग गेलं तेव्हा. तुझ्या कॉलेजातल्या कपाटात सुरक्षित राहतील म्हणून. पुढे तू कळवलंस की वाळवीने सगळं खाल्लं. खरंच एकही पान वाचलं नाही का गं? एखादं अर्धंमुर्धं असलं तरी पाठव. आठवण म्हणून हवंय.

तुझं मोजणीचं काम कोणत्या वर्षी झालं? मला वाचायला फार आवडेल.

तुझी
मृणाल


मुलुंड
२७ जुलै १९७३

प्रिय मृणाल,

तुझं पत्र म्हणजे अगदी शाळेच्या बाकावर नेऊन बसवलंस बघ! काय तुझी ती साखर नि काय तो देव. तू बदलणार नाहीस.

इथे श्वास घ्यायला वेळ नाही. अ‍ॅडमिशन्स चालू, एक टायपिस्ट रजेवर, वरून व्हायवाची तयारी. तरी तुला लिहायचंच म्हणून डबा खाता खाता लिहिते आहे.

ट्रंकेचं काय सांगू? तेव्हाच कळवलं होतं. कपाट भिंतीला लागून होतं, वाळवीने आतून पोखरलं. उघडलं तर माती निघाली. मला इतकं वाईट वाटलं होतं की तुला सांगायलाही महिना घेतला. ते आता काढू नकोस. आणि खरं सांगू? त्या वह्यांचा आज उपयोगही नसता. संशोधन किती पुढे गेलंय! तेव्हा आपण नुसतं मोजत होतो. आता सांख्यिकी आहे, सहसंबंध काढावा लागतो, नमुना निवडावा लागतो. हल्लीच्या पोरी तर गाइडला सांगतात, सर, तुमचं सूत्र चुकलं!

माझी मोजणी डिसेंबर १९६७ ते फेब्रुवारी १९६८ ची. शाळा तीच, वाळूवरची. दुसरी सोयीची नव्हतीच. निष्कर्ष अगदी स्वच्छ निघाला: पालकांची अनास्था. काही दिवशी हजेरी धाडकन पडते, त्याला ना सण ना आजार, काहीही कारण सापडत नाही. म्हणजे पोर शाळेत गेलं काय, न गेलं काय, घरच्यांना सोयरसुतक नाही. शिक्षण समितीला हे इतकं पटलं की त्यांनी माझा सारांश सगळ्या शाळांना पाठवलाय. कोळीवाड्यातले पाचवी ते सातवीचे वर्ग बंद करून मुलांना अंधेरीच्या मोठ्या शाळेत घालायचं ठरतंय. माझ्या एका कामातून एवढं घडतंय, मृणाल! कॉलेजात नुसते कागद काळे करणाऱ्यांना हे भाग्य कुठलं?

आणि बरं का, ऋणनिर्देशात तुझं नाव आहे. "श्रीमती मृणालिनी नवलकर यांनी वेळोवेळी दिलेल्या प्रोत्साहनाबद्दल त्यांचे आभार." खूश?

व्हायवाला तू यायचंच. उघडी असते, कुणीही बसू शकतं. पहिल्या रांगेत बस. ओळखीचा चेहरा समोर असला की मला धीर येतो. लता गुणी आहे, तिच्या कायम होण्याचं मी बघते.

तुझीच
रत्ना


घाटकोपर
१६ ऑगस्ट १९७३

रत्ना,

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी वर्सोव्याला जाऊन आले. अंधेरीहून बस घेतली. मुख्याध्यापकांनी समितीचं ते पत्रक दाखवलं, सायक्लोस्टाइल केलेलं, पुसट. खाली तुझी चार टेबलं. उभ्याउभ्या वाचायला लागले आणि मग बाकावर बसले.

७ डिसेंबर, पट त्रेपन्न, हजर सतरा. २१ डिसेंबर, हजर एकोणीस. ६ जानेवारी, हजर सोळा. २० जानेवारी, अठरा. आणि ५ फेब्रुवारी: त्रेपन्नपैकी चार.

ते चार जण मला नावानिशी आठवतात. १९६२ साल होतं, अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत येऊन जग बुडणार म्हणून अख्खा कोळीवाडा देवळात बसला होता. वर्गात चारच पोरं, त्यातली एक चंपा. तिची आई सोनूबाई तिला स्वतः सोडून गेली आणि मला म्हणाली, "बुरायचाच असंल तर बायबरोबर बुरू दे, देवलान लई गर्दी हाय." त्या दिवशी मी त्या चौघांना गाणी म्हणून दाखवली. वहीत मात्र नुसतं चार लिहिलं, म्हणून तुला कळलं नाही. तुझ्या टेबलाखाली काय लिहिलंस? "कारण अज्ञात, बहुधा पालकांची अनास्था."

तेच पत्रक मी सोनूबाईला वाचून दाखवलं. ती आता साठीची आहे, थोरल्या मुलाकडची नात पार्वती सहावीत आहे. ज्या वर्गाला तू कुलूप लावायला निघालीस, त्याच वर्गात. सोनूबाईला वाचता येत नाही, पण तारखा ऐकून तिने विचारलं, "कंच्या सालान?" मी म्हटलं, सदुसष्ट. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि हसायला लागली. "बाय, त्या वर्साला त्या दिशी भांग व्हता. चंपीचा लगीन त्याच मयन्यान झाला, मना ठावं नाय? भांगाला होऱ्या काठाला. पोरं घरान ऱ्हाऊन काय करतील, आमचा डोका खातील?"

तुला समजावून सांगावं लागेल, कारण तू तिथे कधी उभी राहिलीच नाहीस. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी जोरात धावतं, जाळी भरतात, होड्या भरून येतात. मग घरातलं लहानात लहान पोरसुद्धा जवळा निवडायला, बोंबील वलांडीच्या बांबूंवर वाळत टांगायला लागतं. त्या दिवशी शाळा ओस. अष्टमीच्या आसपास भांग येतो, म्हणजे पाणी मंद. होड्या काठाला, बापे जाळी विणत बसलेले, पोरं शाळेत. महिन्यातून दोनदा शाळा भरते आणि दोनदा ओसरते. हेच मला सापडलं होतं. अनास्था नव्हे गं, समुद्र. उधाणाच्या चार दिवसांत शाळा दुपारी भरवा, एवढंच मला सांगायचं होतं.

घरी येऊन जुनी पंचांगं काढली. १९६१ च्या ७ डिसेंबरला अमावास्या. २१ ला पौर्णिमा. ६ जानेवारीला अमावास्या, २० ला पौर्णिमा. जिथे हजेरी पडली तिथे उधाण आहे. आता तुझं १९६७ घे. ७ डिसेंबरला षष्ठी. २१ ला वद्यातली पंचमी. ६ जानेवारीला पुन्हा षष्ठी-सप्तमी. सगळी उधाणं उतरून गेलेली. तुझे कोळी होड्या काठाला लावून भरल्या घरात पोरांना कशासाठी डांबून ठेवत होते?

मला एक गोष्ट कळत नव्हती. सदुसष्टच का निवडलंस? मग दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवली. १९६१ आणि १९६७, वाराला वार जुळतात. रविवार रविवारी येतो. हुशार आहेसच. रविवार सगळे जुळवलेस, चंद्र जुळवायचा राहिला. आणि माझी मोजणी मार्चअखेरपर्यंत होती, तुझी फेब्रुवारीत का संपते? अडुसष्टचा फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा. एक मार्चपासून वार सरकतात. म्हणून अख्खा मार्च कापून टाकलास.

चौथीतला रुमाल आठवतो? कशिद्याच्या तासाचा, कडेला जांभळी फुलं होती तो. मी कोपऱ्यात एम काढला होता. तू रात्रीत उसवून आर काढलास, आणि प्रदर्शनात पहिलं बक्षीस घेतलंस. सिस्टरनी रुमाल उजेडाकडे धरला असता तर एमची भोकं दिसली असती. त्यांनी धरला नाही. मीही बोलले नाही, कारण तू माझी मैत्रीण होतीस आणि मला वाटलं, रुमालच तर आहे.

हा रुमाल नव्हे. थिसिस मागे घे. विद्यापीठाला लिहून दे की त्या वह्या माझ्या आहेत. बारा ऑक्टोबरच्या आत.

मृणालिनी


मुलुंड
२५ ऑगस्ट १९७३

प्रिय श्रीमती मृणालिनीबाई,

आपले पत्र वाचून अतिशय दुःख झाले. वैधव्यानंतर माणूस एकटे पडते आणि मनात काहीबाही येते, हे मी समजू शकते. म्हणून रागावले नाही.

आकडे जुळले म्हणता. एकाच शाळेतले आकडे जुळतील नाही तर काय? तुमच्या वह्या अस्तित्वात नाहीत. मग जुळले हे तुम्ही कशावरून म्हणता? आठवणीवरून? अकरा वर्षांपूर्वीचे आकडे कुणाला तोंडपाठ असतात? परीक्षकांपुढे तुम्ही काय ठेवणार, पंचांग? की त्या मासळीवालीची बोटे? शैक्षणिक संशोधन षष्ठी-सप्तमीवर चालत नाही. तिथे बसलेले लोक हसतील, आणि तुम्हालाच हसतील.

मृणाल, हे सगळं मला असं लिहवत नाही. साधं बोलते. प्रबंधाचं पुस्तक निघणार आहे. त्यावर तुझंही नाव घालू, माझ्या खाली. परदेशी विद्यापीठांत जातं असं पुस्तक. शिवाय पुढच्या वर्षी आमच्याकडे संशोधन विभाग उघडतोय, तिथे तुला मानाने बोलावते. शाळेत पेपर तपासून डोळे घालवण्यापेक्षा बरं नाही का?

आणि लताचा विचार कर. मार्चमध्ये तिच्या कायमपदाचा कागद माझ्याच टेबलावर येणार आहे. मुलीच्या वाटेत आईने काटे पेरू नयेत, एवढंच म्हणते.

तू कधी कुणाला दुखवलं नाहीस. मला माहीत आहे, आताही दुखवणार नाहीस.

रत्ना


घाटकोपर
४ सप्टेंबर १९७३

रत्ना,

तुझं पत्र मी लताला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "आई, जा तू व्हायवाला. मला भांडुपच्या शाळेत कधीही नोकरी मिळेल." मग स्वयंपाकघरात जाऊन तिने इतक्या जोरात भांडी घासली की शेजारच्या अंजनाबाई विचारायला आल्या.

आता ऐक. ट्रंकेत अकरा वह्या होत्या. बारावी तिथे नव्हतीच.

रोज संध्याकाळी मी वर्सोव्याहून यायची, पाय धुवायची, आणि पंचांग घेऊन हे माझ्याशेजारी बसायचे. मी तारीख नि हजेरी सांगायची, हे तिथी शोधून शेजारी लिहायचे. "कार्तिक अमावास्या. हजर सतरा. तुझे कोळी आज मालामाल दिसतायत, मृणाल." ती बारावी वही. एका अंगाला तारखा आणि आकडे, दुसऱ्या अंगाला यांच्या अक्षरात तिथ्या. डिसेंबर ते मार्च, रोजच्या. चौदा महिन्यांनी तो हात गेला. त्या हाताने लिहिलेलं शेवटचं सलग असं तेच माझ्याजवळ आहे, म्हणून ती वही मी ट्रंकेत घातली नाही. हळदीच्या डब्यामागे ठेवली. इतकी वर्षं ती उघडली नव्हती. उघडवत नव्हती.

परवा उघडली. तुझी चारही टेबलं त्यात आहेत. एकही आकडा इकडचा तिकडे नाही. तुझं पत्रही आहे माझ्याजवळ, सहासष्टचं, "तुझ्या अकरा वह्या वाळवीने खाल्ल्या" असं तुझ्या सहीचं. चोरी करणाऱ्याने पावती देऊ नये गं.

लोक म्हणतील मृणालिनीबाई कोळ्यांच्या पोरांसाठी लढल्या. मुख्याध्यापक तर आताच म्हणतायत. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मुलांची आठवण मला दुसऱ्या दिवशी झाली. पहिल्या दिवशी मला फक्त तुझा चेहरा दिसत होता, बक्षीस घ्यायला स्टेजवर चढतानाचा. दहा वर्षं मी आजाऱ्याचं अंग पुसलं, आणि रोज स्वतःला समजावलं की ते काम नशिबाने नेलं, वाळवीने नेलं. वाळवीशी कुणी भांडत नाही. आता कळलं की वाळवी मुलुंडला राहते आणि तिला प्राचार्य व्हायचंय. हे कळल्यापासून मला छान झोप लागते. गेल्या दहा वर्षांत लागली नव्हती अशी.

पहिल्या रांगेत बस म्हणालीस. बसेन. सोनूबाईलाही आणते. बारावी वही पर्समध्ये असेल. पाहुण्यांना प्रश्न विचारायची मुभा असते, असं लता सांगते.

एक महिना आहे तुझ्याकडे.

मृणालिनी


मुलुंड
१४ ऑक्टोबर १९७३

मृणाल,

झालं तुझ्या मनासारखं?

मला वाटलं होतं तू येणार नाहीस. शपथेवर सांगते, शेवटच्या घटकेपर्यंत वाटत होतं. तू आलीस. तीच निळी इरकल, तोच अंबाडा, आणि शेजारी ती, हिरवं लुगडं, कानात सोन्याच्या एवढाल्या बुगड्या. सगळं सभागृह तिच्याकडेच बघत होतं. तू मात्र माझ्याकडे बघत होतीस. चाळीस मिनिटं. एकदा तरी पापणी हलवायचीस.

मी छान बोलत होते. बाहेरचे परीक्षक मान डोलावत होते. नमुना कसा निवडला, सांगितलं. सहसंबंध कसा काढला, सांगितलं. "पालकांची अनास्था" म्हणताना जीभ अडखळली, पण सावरलं. मग अध्यक्षांनी विचारलं, उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचंय का? आणि तिने हात वर केला. तू नाही, तिने. बांगड्या वाजल्या. अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, "वा, प्रत्यक्ष कोळीवाड्यातल्या बाई आहेत, विचारा, विचारा." आणि ती उठून उभी राहिली.

पुढे माझ्या तोंडून काय गेलं ते तुला माहीत आहे. मी काय बोलते आहे ते मला ऐकू येत होतं, पण थांबवता येत नव्हतं. "आकडे माझे नाहीत. मी हा प्रबंध मागे घेते." तिला तोंडसुद्धा उघडू दिलं नाही मी. सगळ्यांपुढे, एका मासळीवालीने मला पंचमी-षष्ठी विचारायची, ते मला सहन झालं नसतं.

प्राचार्यपद गेलं. अध्यक्षांनी लेखी खुलासा मागितलाय, तीस नोव्हेंबरपर्यंत. व्याख्याता म्हणून तरी ठेवतात की नाही, ते त्या खुलाशावर आणि तुझ्या तक्रारीवर ठरणार. यांनी कालपासून माझ्याशी बोलणं टाकलंय.

ट्रंक पाठवते आहे. कॉलेजचा शिपाई काशीराम आणून देईल. अकराच्या अकरा आहेत. मोजून घे. मी एकही पान फाडलेलं नाही, एवढं तरी मान्य कर.

आता काय हवंय तुला? आणि एकच सांग, मला झोप नाही. ती काय विचारणार होती?

रत्ना


घाटकोपर
२१ ऑक्टोबर १९७३

प्रिय रत्ना,

ट्रंक पोचली. अकरा वह्या मोजल्या. कव्हरावरची माझी नावाची चिठ्ठी ओली करून खरवडलेली दिसते, खाली फिकट चौकोन उरलाय. मी शाईने पुन्हा नाव घातलं.

सोनूबाईचं विचारतेस. तिला मी काहीही पढवलं नव्हतं. तुमचं इंग्रजी-मराठी ऐकून ती पहिल्या दहा मिनिटांतच पेंगली होती. जागी झाली तेव्हा अध्यक्ष म्हणत होते, कुणाला काही विचारायचंय का. तिने हात वर केला, कारण तिला विचारायचं होतं की प्यायचं पाणी कुठे मिळेल. बसमध्ये मला म्हणाली, "त्या बायला एकाएकी झाला काय? मी पानी मागाया उठलू नि ती रराया लागली. आजारी हाय का?"

मी हसले. बसमध्ये, परक्या माणसांत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. प्रश्न माझ्या पर्समध्येच राहिला, घडी घातलेला. तो मला विचारायला मिळाला नाही, याची रुखरुख आहे.

आता मला काय हवंय ते. तुझी नोकरी नको. तुझी पेन्शन नको. तू घरी बसलीस तर चार महिन्यांनी सगळे विसरतील आणि तुझी कीव करतील. तुझी कीव कुणी केलेली मला चालणार नाही.

मी पुन्हा नाव नोंदवलंय. त्रेपन्नाव्या वर्षी पदवी मिळेल, मिळू दे. नव्या गाइडबाई म्हणाल्या, जुनी मोजणी उत्तम आहे, पण बारा वर्षांनी त्याच शाळेत पुन्हा मोजली तर काम पक्कं होईल. समितीनेही वर्ग बंद करायचा निर्णय तोवर थांबवलाय. डिसेंबर ते मार्च, रोज दोनदा, वर्गाच्या दारात उभं राहून. माझे गुडघे आता वाळूत चालत नाहीत.

ते तू करायचं. तू जे केलं म्हणून छापायला निघाली होतीस, ते खरोखर कर. अर्धपगारी रजा घे. अकराला एकदा, मधल्या सुट्टीनंतर एकदा. तारीख, वार, तिथी, पट, हजर. वर्सोव्यात सोनूबाईकडे डबा ठेवायची सोय करते. हे नीट पार पाडलंस तर मी विद्यापीठाला लिहीन की माझी वैयक्तिक तक्रार उरलेली नाही. एक दिवस चुकवलास तर बारावी वही आणि सहासष्टचं पत्र अध्यक्षांकडे जाईल.

माझ्या प्रबंधात तुझं नाव येईल, काळजी नको. "सौ. रत्नप्रभा प्रधान यांनी वेळोवेळी दिलेल्या प्रोत्साहनाबद्दल त्यांचे आभार." वाक्य तुझंच आहे, उचलते.

चामड्याच्या चपला नेऊ नकोस, खाऱ्या पाण्याने आठवड्यात जातात. रबरी घे. आणि उन्हाला टोपी नको, पदर घे. मुलं टोपीला हसतात.

दिवाळी चार दिवसांवर आली. शुभेच्छा.

तुझी
मृणाल


वर्सोवा
८ जानेवारी १९७४

८ जानेवारी. मंगळवार. पौष पौर्णिमा. पट अठ्ठावन्न. अकरा वाजता हजर एकवीस. मधल्या सुट्टीनंतर हजर चौदा.

गेल्या भांगाचे आकडे सोबत जोडले आहेत. त्या आठवड्यात एकही दिवस पन्नासाच्या खाली गेलेला नाही. आज सकाळी उधाण पाहिलं. पाणी शाळेच्या पायरीला लागलं होतं. तू पत्रात लिहिलं होतंस, पण असं असेल असं वाटलं नव्हतं.

पार्वती वर्गात नव्हती. वलांडीपाशी सापडली. मी वही काढून नाव विचारायला लागले तर तिची आजी ओरडली, "बाय, लिवता काय उभ्यान? हात लावा, बोंबील कुजतील." मी लावला. दीड तास. साबण तीनदा लावला तरी बोटांचा वास जात नाही. घरी हे माझ्यापासून लांब बसून जेवतात.

पाय सुजतात. डॉक्टर म्हणतात, आठवड्यातून दोन दिवस विश्रांती हवी. रविवार आहेच. शनिवारी नुसता अर्धा दिवस असतो, त्या दिवसाचे आकडे शाळेच्या हजेरीपटावरून उतरवून घेतले तर चालेल का? फक्त शनिवारचे. मृणाल, आपण एका बाकावर बसलो आहोत.

रत्ना


पोस्टकार्ड
घाटकोपर, ११ जानेवारी १९७४

प्रिय रत्ना,

आकडे मिळाले. अक्षर सुरेख आहे.

पायांना कोमट पाण्यात मीठ टाकून शेक. सोनूबाईकडे मीठ मिळेल.

उतरवून घ्यायचं नाही. शनिवारी शाळा भरते. मार्चमध्येसुद्धा भरते.

तुझी
मृणाल